द्वारकाबायचं वय

द्वारकाबाय मेली तेव्हा तिचं वय किती होतं ते मला ठाऊक हाय. गास गावात आमच्या आळीत ती लग्न करून आली त्याच्या पुढच्या साली मी आले. तेव्हा ती माझ्याहून थोडी मोठी होती, मेली तेव्हापन थोडी मोठीच होती. साठी कधीच ओलांडलेली. पन तिच्या मरनाच्या दाखल्यावर बावन्न लिहिलंय. तिच्या पोरानं, मंगेशनं, तो दाखला मला वाचून दाखवला तेव्हा मी केळी सोलत होते. सुरी खाली ठेवली. बोलले, परत वाच. त्यानं परत वाचलं. बावन्न. नि वाचनारा पोरगा सेहेचाळीसचा.

लोक सांगतात, गेलेल्या मानसाबद्दल रागानं बोलू नये. मी तिच्याबद्दल रागानं बोलतच नाय.

आमच्याकडं सुकेळी करतात. पाऊस संपला की राजेळी केळी पिकवायची, सोलायची नि मांडवावर उन्हात वाळत घालायची. वाळून काळपट होतात, सुरकुततात, मग केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून बांधायची. काम सोपं दिसतं. पन एकेक केळं रोज हातानं उलटावं लागतं, नायतर खालून बुरशी धरते. आम्ही बाकीच्या बायका हात फिरवत जायचो. द्वारकाबाय नाय. ती एकेक केळं उचलायची, अंगठ्यानं दाबायची, उन्हाकडं धरायची, मग उलटून ठेवायची. मी सांगायची, "अगे आटप की, एवढं काय बघतेस, लग्न लावायचंय काय त्याचं?" ती सांगायची, "न बघता उलटायचं तर वारा पन उलटतो."

बुटकी होती. पाय फताडे, आवाज असा की ती मांडवावर बोलली की रस्त्यापलीकडच्या वाडीतला मानूस "काय गे?" करून उत्तर द्यायचा. नि तोंडात एकच गोष्ट कायम, "बघ की!" सुनेनं मीठ जास्त घातलं, "बघ की!" मंगेशनं बाईक कुंपनाला लावली, "बघ की!" देवळात पुजाऱ्यानं शिळं फूल वाहिलं, तरी हिचं आपलं, "भटजीबुवा, बघा की!" पुजारी तिला बघून दुसऱ्या दारानं जायचा.

एकदा राजोडीच्या समुद्रावर चाललेली विरारची एक बाई गाडी थांबवून उतरली. काळा चष्मा, हातात मोबाईल. आमची सुकेळी बघून नाक वाकडं केलं नि बोलली, "ये सड़ गया है क्या?" द्वारकाबायनं एक केळं पानातून सोडवलं, अर्धं मोडलं नि तिच्या तोंडासमोर धरलं. "पहले चष्मा काढ, मग बघ, मग खा, मग बोल." त्या बाईनं खरंच चष्मा काढला. खाल्लं. मग डिकी उघडून एवढी सुकेळी घेतली की आमचा बांधायचा सुतळीचा गुंडा संपला. जाताना ती द्वारकाबायला बोलली, "दीदी, आप तो बहुत तेज हो." त्यातलं दीदी ऐकून ही दिवसभर खूश.

खूश होनारच. तिला तिच्या केसांचा मोठा तोरा होता. आमच्या सगळ्यांची डोकी पांढरी झाली, हिचं एक पन नाय. माक्याचं तेल घरी काढायची, त्याचा वास तिच्या आधी यायचा. कुनी विचारलं काय लावतेस, तर सांगायची, "सासूचे शाप."

आता कार्डाचं सांगते.

बारा-चौदा वरसं झाली असतील, सरकारी ओळखीची कार्डं काढायला शाळेत मानसं आली होती. आम्ही सगळ्या बायका रांगेत. जन्मतारीख विचारली तर कुनाकडं हाय? आमच्या आयांनी काय लिहून ठेवलं होतं? कुनी सांगितलं चिंच पडली त्या साली, कुनी सांगितलं मोठ्या विहिरीला पानी लागलं त्या साली. कॉम्प्युटरवरचा मानूस घामाघूम. त्यानं तोंडाकडं बघून अंदाजानं साल टाकलं नि सगळ्यांना तारीख टाकली एक जानेवारी. आमच्या आळीतल्या निम्म्या बायका एकाच दिवशी जन्मल्यात, विचारा कुनालाही. द्वारकाबायनं तिच्या लेखी होतं ते वय सांगितलं, पन्नाशीचं. त्या मानसानं पदराखालून दिसनाऱ्या तिच्या केसांकडं बघितलं नि हसून बोलला, "काय ताई, थट्टा करता?" नि बारा वरसं कापली.

ती शाळेतून आली ती नाचतच माझ्या दारात. "सुंदरे! अगे सुंदरे! सरकारनं मला तरनी केली!"

मंगेशनं कार्ड बघून डोक्याला हात लावला. "आई, तू माझ्यापेक्षा फक्त सहा वर्षांनी मोठी आहेस यात. बदलून घेऊया."

"राहू दे रे. वर गेल्यावर हिशोब झाला तर तेवढी वरसं परत मागून घेईन."

सगळी आळी हसली. मी पन हसले. तेव्हा हसायचीच गोष्ट होती. चूक तिची होती असं कुनी मला सांगायला येऊ नये. अंदाज त्याचा, कॉम्प्युटर त्याचा, पगार त्याचा.

मग ती मेली त्याच्या दोन वरसं आधी, सुकेळीचा हंगाम नुकता लागलेला. मांडवावर आम्ही दोघीच. ती केळं उलटता उलटता थांबली. साडी मागून ओढून बघितली. मला बोलली, "सुंदरे, परत लागलं."

"काय लागलं?"

"पाळी गे. जाऊन दहा वरसं झाली, आता परत."

आमच्यात या गोष्टी पोराला, सुनेला सांगत नाय. मला सांगितलं हेच खूप. मी बोलले, डॉक्टरला दाखव. ती बोलली, थांबेल. महिना गेला, थांबलं नाय. मग मंगेशला सांगितलं, अशक्तपना हाय. तो तिला विरारकडच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. त्यानं रजा टाकून नेलं, आईची पिशवी स्वतः धरली. पोरगा वाईट नाय. मंगेशवर मी कधी ओरडले नाय.

तिकडं काय झालं ते तिनं मला दहादा सांगितलंय. खिडकीवर कार्ड घेतलं, वय पन्नास आपोआप कॉम्प्युटरवर गेलं. आत डॉक्टर. त्याच्या समोर कॉम्प्युटरचा पडदा, त्याची नजर पडद्यावर. विचारलं काय त्रास. द्वारकाबाय खाली बघून कसंबसं बोलली, अंगावर जातंय. डॉक्टरनं विचारलं, "पाळी चालू आहे?"

शेजारी पोरगा उभा. जी बाई देवळात पुजाऱ्याला सोडत नाय ती त्या खोलीत गप्प बसली. पोरासमोर कोन बाई बोलेल? नि त्या डॉक्टरला एवढंसं पन सुचू नये, पोराला सांगावं, बाबा, दोन मिनिटं बाहेर थांब? मंगेशच लाजून पंख्याकडं बघत बोलला, "चालू आहे, म्हणून तर आणलंय." आईची पाळी कधी गेली हे पोराला काय ठाऊक?

झालं. डॉक्टर बोलला, पन्नास वय आहे, पाळी जायच्या वेळी असं होतं. रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या, रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. कॉम्प्युटरवर लिहिलं, पाळीत जास्त जातं. हात लावून तपासलं नाय. तोंडाकडं पन बघितलं नाय. मानेला सुरकुत्या, हाताची कातडी सैल, दात पडलेले. केस तेवढे काळे. बघ की मेल्या, एकदा बघ की!

गोळ्यांनी कमी व्हायचं, परत यायचं. ती परत जायची. दर खेपेला डॉक्टर नवा, पन लिहिलेलं तेच. पहिल्यानं लिहिलं ते दुसऱ्यानं खाली उतरवलं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं. कुनी तिला नवं विचारलंच नाय. सगळं आधीच लिहिलेलं, मग विचारायचं कशाला? असा हंगाम संपला. मांडवावर ती बसून काम करायला लागली. मग बसनं पन होईना, आडवी पडून सुनेला सांगायची, "ते डाव्या हाताचं उलट, बघ की." सून उलटायची नि डोळे पुसायची.

पाऊस तोंडावर आला तेव्हा मी बोलले, यावेळी मी येनार. मंगेश आला, पन त्याला मी बाहेरच्या बाकड्यावर बसवला. आत आम्ही दोघी. यावेळी डॉक्टरीन होती, हडकुळी, चष्म्याची, सकाळपासून पानी पन प्यायली नसेल असं तोंड. तिनं पन आधी पडद्यावरच वाचलं. "मावशी, पाळीचा त्रास अजून थांबला नाही?"

आनि मग द्वारकाबाय बोलली. मांडवावरच्या आवाजात बोलली. बाहेरची रांग सगळी दाराकडं वळली.

"पाळी जाऊन दहा वरसं झाली माझी!"

डॉक्टरीन पडद्याकडं बोट दाखवून बोलली, "पण इथे तर चालू आहे असं लिहिलंय. प्रत्येक वेळी लिहिलंय. आणि वय पन्नास..."

"पाळी मला येनार का तुझ्या कॉम्प्युटरला?"

मी तिचा हात धरला. तिनं झटकला. दार उघडून मंगेशला ओढत आत आनला. "हा माझा पोरगा. चव्वेचाळीसचा. टक्कल पडलंय बघ. नि मी पन्नासची? सहा वरसांची असताना बाळंत झाले का मी? बघ की गे बाय! माझ्याकडं बघ की!"

डॉक्टरीननं चष्मा काढला. पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. किती वेळ बघत बसली. मग हळू विचारलं, "मावशी, खरं सांगा. पाळी पूर्ण बंद झाली होती? मधे कधीच काही नाही?" द्वारकाबाय बोलली, नाय. मंगेश भिंतीला टेकला. त्याला तिथंच कळलं सगळं.

त्याच दिवशी सोनोग्राफी केली. मग गर्भाच्या पिशवीच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. पिशवीच्या आतल्या अस्तराचा. डॉक्टरीननं आम्हाला बसवून सांगितलं, पाळी बंद झाल्यावर बाईला थेंबभर जरी रक्त गेलं तरी लगेच हा तपास करायचा असतो. हा आजार लवकर कळनाऱ्यातला हाय, कारन रक्त आधीच सांगून जातं.

तिच्या रक्तानं सांगितलं होतं. एक अख्खा हंगाम सांगत होतं.

ती डॉक्टरीन वाईट नव्हती, त्याचाच राग येतो. वाईट असती तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

तुम्हाला वाटेल आता तरी सगळे धावले. ऐका. ऑपरेशन सरकारी योजनेतून व्हायचं होतं. त्याची खिडकी वेगळी. तिथं गळ्यात पट्टा घातलेला एक मानूस. पंधरवडा गेला, मंजुरी नाय. मंगेश रोज फेऱ्या मारतो. शेवटी आम्ही दोघी त्याच्यासोबत गेलो. तो मानूस बोलला, "प्रत्येक आजाराला एक नंबर असतो, मावशी. तुमच्या आधीच्या सगळ्या कागदांवर पाळीच्या त्रासाचा नंबर आहे. आता एकदम कॅन्सरचा नंबर आला. वरून विचारणा आलीय, हे कसं?"

द्वारकाबायला उभं राहवत नव्हतं. ती खाली फरशीवर बसली, खिडकीच्या बरोबर खाली. तिथून बोलली, "वरसभर तुम्हीच पाळी पाळी करत बसलात. नि आता मलाच विचारता कॅन्सर कसा?"

"आधीची माहिती चुकीची होती असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागेल."

"मग घे लिहून."

तर ते कोनी लिहीना! मोठा डॉक्टर बोलला, आमच्याकडून चूक झाली असं लिहिता येत नाही, पेशंटनेच तेव्हा सांगितलं होतं. तिनं सांगितलं होतं? तिनं तोंड पन उघडलं नव्हतं! चूक करायला पाच डॉक्टर, ती लिहायला एक नाय. मी शाळेत गेले नाय, पन एवढं मला कळतं की मीठ जास्त झालं तर सून सांगते, हो, जास्त झालं. मग आपन पानी घालतो. ती बोललीच नाय तर आमटी फेकावी लागते. इथं आमटी नव्हती.

शेवटी ती हडकुळी डॉक्टरीनच खाली आली. फरशीवर द्वारकाबायच्या बाजूला उकिडवी बसली नि बोलली, "सांगा मावशी. तुमच्या तोंडून सांगा, मी लिहिते." द्वारकाबाय एकेक गोष्ट बोलली. पाळी कधी गेली, परत कधी लागलं, पोर कितवं वय लागलं तेव्हा झालं. डॉक्टरीननं लिहिलं, वाचून दाखवलं, सही केली. द्वारकाबायनं विचारलं, "ते आधीचं खोडलंस?"

"जुनं खोडता येत नाही, मावशी. नवीन त्याच्या खाली लिहायचं असतं."

"म्हनजे खोटं वर नि खरं खाली."

डॉक्टरीन उठली नि तो कागद खिडकीत दिला. पन नंबर बदलला. अस्तराच्या कॅन्सरचा नंबर पडला नि मंजुरी आली.

ऑपरेशन मुंबईला झालं. पिशवी काढली. तिथला सर्जन मंगेशला बोलला, आजार पिशवीच्या आत होता तेव्हा आणलं असतं तर एवढ्यावरच सुटली असती. आता बाहेर गेलंय. मंगेश घरी येऊन मांडवाखाली बसला नि ढसाढसा रडला. ती त्याला बोलली, "तू कशाला रडतोस? तुला कुनी शिकवलं होतं? तुझ्या बापाला पन ठाऊक नव्हतं."

मग सलाईनमधून औषधं सुरू झाली नि तिचे केस गेले. सगळे. माक्याच्या तेलाची बाटली सुनेनं मोरीतून उचलून आत ठेवली, तिला दिसू नये म्हनून. तिनं ती परत बाहेर आनून माझ्या हातात दिली. "घे. तुझं पांढरं डोकं बघवत नाय मला." काही महिन्यांनी केस परत आले ते पांढरे. अंगठ्याच्या नखाएवढे, कापसासारखे.

त्या डोक्यानं ती मला बोलली, "सुंदरे, चल, कार्ड बदलून घेऊ."

"आता कशाला गे?"

"मरायचं तर माझ्या वयाची होऊन मरेन. त्या कार्डावरच्या बाईची पाळी चालू हाय. ती मी नाय."

नालासोपाऱ्याला कार्ड बदलायचं सेंटर हाय, तिकडं गेलो. रांग मोठी. ती कठड्याला धरून उभी राहिली, बसायला कुनी दिलं तरी बसली नाय. खिडकीवर मानसानं विचारलं, "जन्माचा पुरावा? शाळेचा दाखला?"

"शाळेत गेले नाय."

"मग जन्माचा दाखला."

"नाय."

"पुराव्याशिवाय होत नाही, आजी."

तिनं डोक्यावरचा पदर खाली ओढला. आमच्या आळीची बाई, सासरी आल्यापासून परक्या पुरुषासमोर जिचं डोकं कधी उघडं नव्हतं, तिनं सगळ्या रांगेसमोर पांढरं डोकं उघडं केलं. "हा घे पुरावा."

तो मानूस गोंधळला. त्यानं पडद्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग परत पडद्याकडं. "आजी, मला दिसतंय हो. पण सिस्टीम घेत नाही."

कार्ड तसंच राहिलं. त्यावरूनच पुढं मरनाचा दाखला निघाला, बावन्न. आजाराचं नाव तेवढं त्यात बरोबर लिहिलंय, ते तिनं फरशीवर बसून मिळवलेलं. वय नाय मिळालं. आमच्या आळीत अजून एक जानेवारीच्या कितीतरी बायका जित्या हायत, मी पन त्यातलीच. आता कुनी दवाखान्यात निघाली की मी तिच्याबरोबर जाते नि आत शिरल्या शिरल्या वय सांगते, खरं, मोठ्यानं. डॉक्टर वैतागतात. वैतागू देत.

सेंटरवरून परत निघालो तेव्हा मला वाटलं ती चिडली असेल. पदर अजून खांद्यावरच होता. मी वर ओढायला गेले तर हात बाजूला केलान. बाजारातून तशीच उघड्या डोक्यानं चालली, फताडी पावलं टाकत, दमत, भाजीवाल्यांच्या मधून. वळून वळून बघत होते लोक. ती पन सगळ्यांकडं बघत होती.

रिक्षा स्टँडवर एक रिक्षावाला स्वतःहून उतरला. मिशा पिकलेला मानूस होता. तिच्या कोपराला आधार देऊन बोलला, "सावकाश चढा, आजी. घाई नाही."

ती एक पाय आत, एक पाय रस्त्यावर अशी थांबली. वळली माझ्याकडं. तोंडभर हसली, पडलेल्या दातांसकट.

"ऐकलंस सुंदरे?" ती बोलली. "कागद नाय मागितलान."